वाईट काच

आमच्या बाबांच्या उजव्या नडगीवर एक भोक होतं. जखम नाही, भोक. मसुराच्या दाण्याएवढं, कडा आत वळलेल्या, कधी बंद कधी चालू. बंद असलं की आम्ही विसरून जायचो, पण वर्षा-दीड वर्षातून एकदा, बहुतेक पावसाळ्यातच, पाय जड व्हायचा, अंगात कणकण यायची, नडगीवरची कातडी गरम आणि चकचकीत दिसायला लागायची आणि मग एखाद्या सकाळी पायजम्यावर पिवळा डाग. आई डाग बघून एवढंच म्हणायची, "उघडला वाटतं." काय उघडलं हे सांगायची गरज नसायची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात जिन्याखालच्या कपाटाचा एक अख्खा खण त्या पायाचा होता, त्यात गॉझ, कापूस, बीटाडीन, चिकटपट्ट्या आणि सिप्रो या अँटिबायोटिकच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या. माझ्या मैत्रिणींच्या घरी त्या खणात राख्या आणि लोकरीचे गुंडे असायचे, मला वाटायचं प्रत्येकाच्या बाबांचा असा एक खण असतो.

झालं असं की १९८८ च्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट करून येताना फतेगंजजवळ बाबांची बजाज स्कूटर घसरली. नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं आणि रस्त्याचा चिखल आत गेला. नडगीची गोष्ट अशी आहे की पुढच्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यात मांस नाहीच जवळजवळ, स्वतःचीच चाचपून बघा, म्हणून ते मोडलं की बाहेर यायला वेळ लागत नाही आणि तिथला रक्तपुरवठाही आधीच बेताचा. ज्या दवाखान्यात नेलं तिथे घाईघाईत धुऊन, धातूची पट्टी आणि स्क्रू मारून शिवून टाकलं. मी सहा वर्षांची होते, मला फक्त वास आठवतो. नंतर कळलं की पुरेसं धुतलंच नव्हतं आणि हाडाचा एक तुकडा आत मरून पडला होता.

मेलेलं हाड. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो भयंकर वाटला होता, खरं म्हणजे तो नुसता प्लंबिंगचा प्रश्न आहे. त्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणजे तोंडाने घेतलेली गोळी काय आणि शिरेतलं इंजेक्शन काय, औषध रक्तातून जाणार आणि रक्तच तिथे पोचत नाही. जंतूंना मात्र तो तुकडा म्हणजे भाडं न भरता मिळालेली खोली. ते त्याच्यावर चिकटतात आणि अंगाभोवती एक बुळबुळीत थर करून घेतात, मोरीच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या टाकीत हाताला लागतो ना तसला. त्या थरातले जंतू मारायला कधीकधी नेहमीच्या शेकडो पट औषध लागतं, आणि तेवढं औषध रक्तात सोडलं तर जंतूंच्या आधी माणसाची किडनी आणि कान जातील. त्यामुळे दर वेळी गोळ्यांनी पू थांबायचा, भोक मिटायचं, बाबा कामावर जायचे, आणि खोलीतला भाडेकरू तसाच आत.

१९९६ मध्ये पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की औषध आतच ठेवू या. ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती, जर्मनीत बुखहोल्त्झ आणि एंगेलब्रेख्त यांनी १९७० सालीच हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळून दाखवलं होतं, आणि पुढे त्याच सिमेंटचे मणी करून तारेत ओवून हाडाच्या पोकळीत ठेवायची पद्धत निघाली. सिमेंट म्हणतात पण ते सिमेंट नव्हे, ॲक्रिलिक. कवळी ज्याची करतात तेच. बाबांच्या पायात जेंटामायसिनच्या मण्यांची माळ बसली आणि बाबा महिनाभर येईल त्याला सांगायचे, "लोक जपमाळ हातात घेतात, मी पायात घेतली." विनोद सगळ्यांना पाठ झाला होता.

माळेची भानगड ही की ती पुन्हा काढावी लागते. ॲक्रिलिक विरघळत नाही. त्यातलं थोडंसंच औषध बाहेर येतं, तेही बहुतेक पहिल्या काही दिवसांत, बाकीचं आतच अडकून महिनोन्महिने थेंब थेंब गळत राहतं, म्हणजे जंतू मरणार नाहीत पण शिकतील असं. आणि औषध संपलं की तो मणी म्हणजे नुसता आणखी एक परका खडा, जंतूंना चिकटायला नवी जागा. बाबांची माळ सहा आठवड्यांनी काढायला घेतली तेव्हा तिच्याभोवती नवं मांस घट्ट आवळून बसलं होतं, ओढताना तार तुटली आणि दोन मणी आतच राहिले. डॉक्टर म्हणाले राहू देत, काही होत नाही. पुढची बावीस वर्षं बाबांच्या प्रत्येक एक्स-रेत नडगीत दोन पांढरे ठिपके दिसायचे आणि टेक्निशियन प्रत्येक वेळी विचारायचा, "काका, आ शुं छे?"

आता बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बडोदा हे औषधांचं गाव आहे. अलेंबिक १९०७ सालचं, खोकल्याच्या ग्लायकोडिनची बाटली नाही असं घर भारतात नसेल, आणि अल्थ्रोसिन तर आम्हाला लहानपणी गोळी या शब्दाच्या जागी वापरायचा शब्द वाटायचा. औषधं आली की बाटल्या आल्या, बाटल्या आल्या की काच आली. येराचे ग्लास बडोद्याचेच. बाबा अशाच एका काचेच्या कारखान्यात १९७० पासून २००६ पर्यंत लॅबमध्ये होते. भट्टी पंधराशे डिग्रीची, आत वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि फुटक्या काचेचा चुरा, आणि बाबांचं काम म्हणजे तयार झालेल्या बाटलीवर संशय घेणं. बाटलीची काच कुटायची, पाण्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच एक प्रकारचा, १२१ डिग्रीला शिजवायची आणि मग त्या पाण्यात आम्ल थेंब थेंब टाकून बघायचं की काचेतून सोडा किती सुटला, त्यांच्या भाषेत लीचिंग किती झालं. जास्त सुटला तर काच वाईट, अख्खा लॉट बाद. चांगली काच कोणती, तर जी आतल्या औषधाशी काही म्हणजे काही करत नाही, तशीच राहते. छत्तीस वर्षं. घरातसुद्धा बाबा लोणच्याची बरणी उन्हात धरून बघायचे, काचेवर धुरकट थर आलाय का. आई म्हणायची, अहो चव बघा आधी.

२०१८ साली पाय पुन्हा उघडला, यावेळी दोन जागी, आणि ताप जाईना. मी कारेलीबागेतून रोज जायचे. बाबा तेव्हा सत्तरचे. ज्या सर्जनकडे आम्ही पोचलो तो तरुण गुजराती मुलगा होता, एमआरआय बघून शांतपणे म्हणाला, "काका, आ वखते बधुं साफ करी नाखिए," यावेळी सगळंच साफ करून टाकू. गोळ्या पंधरा दिवस बंद करायला लावल्या, का तर औषधं पोटात असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाहीत आणि मग आपण अंदाजाने गोळीबार करत बसतो. तीस वर्षं आम्ही नेमकं तेच केलं होतं. केमिस्टकडे जाऊन "ती मागच्या वेळचीच द्या" म्हणायचं, आणि त्यानेही द्यायची.

मग तो म्हणाला, मेलेलं हाड काढलं की पोकळी राहील, ती रिकामी ठेवून चालत नाही, त्यात रक्त साचतं आणि पुन्हा तेच. ती भरायची. कशाने, तर औषध मिसळलेल्या मण्यांनी. बाबांनी हात वर केला, अक्षरशः शाळेत करतात तसा. "माळ नको." तो हसला. माळ नाही काका, हे मणी आपोआप विरघळतात, कॅल्शियम सल्फेट आहे.

बाबा म्हणाले, "म्हणजे पीओपी?"

म्हणजे पीओपीच, प्लास्टर ऑफ पॅरिस. अर्थात औषधी दर्जाचं, शुद्ध, निर्जंतुक, त्यामुळे भाव सोन्याचा, पण रसायन तेच, जिप्सम भाजून पूड केलेली, पाणी घातलं की पुन्हा घट्ट होणारी. हाडाच्या पोकळीत हे भरायची कल्पना तर इतकी जुनी आहे की ड्रेसमन नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ साली फिनॉल मिसळलेलं प्लास्टर हाडात भरलं होतं, अँटिबायोटिकं निघायचीच होती तेव्हा. मला हे वाचून जरा चिडच आली. म्हणजे मधली शंभर वर्षं आपण काय करत होतो.

आणि गंमत बघा, ऑपरेशनची तारीख आली गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा आमच्या गल्लीत दरवर्षीचा वाद ऐन रंगात असतो, शाडूची मूर्ती की पीओपीची. पीओपी विरघळत नाही, तळ्याच्या तळाशी तसंच बसतं, म्हणून तर आता विसर्जन सूरसागरात नाही, कृत्रिम तळ्यात. मी बाबांना म्हटलं, तळ्यात विरघळत नाही ते पायात कसं विरघळणार? बाबा खुश. असे प्रश्न विचारले की बाबांना ताप असला तरी उतरतो. म्हणाले, अगं विरघळतं ना, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास, पण मूर्ती केवढी, वर ऑइल पेंट, आणि पाणी साचलेलं. मणी तीन-चार मिलिमीटरचा आणि आजूबाजूचा रस सारखा बदलता. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर, हिशोब कर. आणि मग जरा थांबून, "पण मग औषध कोण अडवतं?" हाच खरा प्रश्न होता. कोणीच अडवत नाही, औषध त्या स्फटिकांच्या मधे अडकलेलं असतं, मणी बाहेरून झिजत जातो तसं सुटत जातं, सुरुवातीला भरपूर, मग काही आठवडे कमी कमी. शेवटी मणीच उरत नाही, म्हणून गळत राहायला आणि जंतूंना चिकटायला काही उरत नाही. शिवाय हे घट्ट होताना फारसं तापत नाही. ॲक्रिलिक घट्ट होताना चटका बसेल इतकं तापतं, त्यामुळे त्यात उष्णता सोसणारीच औषधं चालतात.

त्या आठवड्यात बाबांनी माझ्या मोबाईलचा डेटा संपवला. त्यांना भट्टीवाल्या मंडळींचा शोध लागला होता. हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणजे आपल्या हाडातलं जे मूळ खनिज, त्याचीच भाजून केलेली सिरॅमिक. ती करताना मुद्दाम छिद्रं ठेवतात, केस आरपार जाईल एवढी मोठी, म्हणजे त्यातून पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात आणि हाड चढतं. आपल्याला बरणी पाहिजे असते, चिनीमातीची, वरून झिलई दिलेली, लोणच्याचं मीठ आत मुरू नये म्हणून. हाडाला माठ पाहिजे. पाझरणारा. बाबांना ह्यात एक खोच लगेच दिसली, भट्टीत हजार-बाराशे डिग्रीला भाजताना अँटिबायोटिक घालणार कसं, जळून खाक. म्हणून ते भाजल्यानंतर छिद्रांत भिजवावं लागतं, आणि नुसतं भिजवलेलं असतं म्हणून भराभर धुऊन जातं. त्यावर तोडगा म्हणजे दोन्ही एकत्र, प्लास्टरच्या पुडीत हायड्रॉक्सिॲपेटाइट मिसळायचं, वर औषध, प्लास्टर विरघळून औषध देणार आणि मागे हाडासाठी जाळी राहणार. स्वीडनच्या एका कंपनीचं असं तयार मिश्रण आहे, साठ टक्के प्लास्टर, चाळीस टक्के हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि जेंटामायसिन, ऑक्सफर्डच्या सर्जननी ते वापरलेल्या पहिल्या शंभर रुग्णांचं २०१६ साली छापलं त्यात शहाण्णव जणांचं इन्फेक्शन गेलं होतं. ते कोणत्या सर्जननी आणि किती चांगलं साफ करून, हा भाग लोक विसरतात. आमच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, मणी हा शेवटचा दहा टक्के, बाकी सगळं माझ्या हातातल्या छिन्नीत आहे.

पण बाबांना ज्याने खरंच झोप येऊ दिली नाही तो लॅरी हेंच. फ्लोरिडाचा काचेचा माणूस. १९६७ साली एका कॉन्फरन्सला जाताना बसमध्ये शेजारी व्हिएतनामहून आलेला कर्नल बसला होता, त्याने विचारलं की शरीर नाकारणार नाही असं काही बनवता येईल का तुम्हाला. हेंचने १९६९ मध्ये काच बनवली. हाडाला चिकटणारी काच. बाबांनी तिची रेसिपी वाचून मला मोठ्याने हाक मारली, मी धावत गेले, मला वाटलं पाय. "अगं पंचेचाळीस टक्के सिलिका! फक्त पंचेचाळीस!" मला काही कळेना. सिलिका म्हणजे वाळूच, साध्या बाटलीत सत्तरच्या वर असते म्हणे. आणि सोडा साडेचोवीस टक्के, चुनाही तेवढाच. "ही काच मी भट्टीच्या तोंडावरच बाद केली असती. पाण्यात ठेवली की झिजणार, सोडा सोडणार, वर थर धरणार. वाईट काच." आणि मग बराच वेळ गप्प.

कारण तोच तर मुद्दा होता. ती झिजते म्हणूनच तिच्यावर हाडाच्या खनिजाचा थर धरतो आणि हाड तिला आपलं मानतं. फिनलंडच्या लोकांनी तिची एक बहीण काढली, त्रेपन्न टक्के सिलिकावाली, ती तर अँटिबायोटिकशिवायच जंतू मारते, कारण सुटलेल्या सोड्याने आजूबाजूचा रस इतका खारट आणि अल्कली होतो की जंतूंना टिकता येत नाही. बाबा जो सोडा छत्तीस वर्षं थेंब थेंब मोजून "फेल" लिहीत होते तोच. आपल्याला ही मिळणार का, त्यांनी डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला काका आपल्याकडे आत्ता पीओपीच आहे. बाबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला.

ऑपरेशनला चार तास लागले. मेलेलं हाड निघालं, पिवळट, कोरडं, लाकडाच्या ढलपीसारखं, आणि ते दोन मणीही निघाले. डॉक्टरने नंतर व्हिडिओ दाखवला, वाटीत पांढरी पूड, त्यात व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन, कालवून रबरच्या साच्यात लिंपलेलं, साच्याला नुसते बारीक खड्डे, आई म्हणाली अप्पेपात्रच हे, आणि मग सगळे हात बांधून ते घट्ट व्हायची वाट बघत उभे. औषध घातलं की वाळायला जास्त वेळ घेतं म्हणे. साचा वाकवला की मणी टपाटप ट्रेमध्ये, साबुदाण्यासारखे.

बिलाच्या वेळी वेगळाच तमाशा. मेडिक्लेमवाल्यांचा फोन, की हे इम्प्लांट आहे की औषध? इम्प्लांट असेल तर स्टिकर पाठवा, औषध असेल तर वेगळ्या खात्यात. मी म्हटलं दोन्ही. तो म्हणाला मॅडम, दोन्हीला ऑप्शन नाही. तेव्हा मी चिडले होते, पण औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएलाही त्या स्वीडिश मिश्रणाची हाडासाठीची परवानगी द्यायला २०२२ उजाडलं, तेव्हा आमच्या त्या मुलाला तरी काय बोलायचं. स्टिकर पाठवलं. एक झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये आहे, लॉट नंबरसकट.

आणि मग घरी आल्यावर अकराव्या दिवशी, सकाळी, पट्टीवर डाग. आईने मला फोन केला तो नुसता एकच शब्द, "उघडला." मी रिक्षात बसून रडत गेले, खोटं कशाला सांगू. पण पट्टी काढून बघितलं तर हा डाग पिवळा नव्हता. पांढरा, पातळ, ताकासारखा, आणि वास शून्य. आईने नाकाजवळ नेऊन हुंगला, तीस वर्षांचा अनुभव तिचा, आणि म्हणाली, "हा पू नाही." डॉक्टरला फोटो पाठवला, पाच मिनिटांत उत्तर, प्लास्टर विरघळतंय, असं होतं काही जणांना, पट्टी बदलत राहा, ताप आला तर या. असं होतं काही जणांना! हे डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ लिहायला काय जात होतं? मला अजूनही ह्याचा राग आहे. त्या दोन-अडीच तासांत माझ्या आईचं काय झालं ते त्या हॉस्पिटलला कधीच कळणार नाही. बाबा मात्र पट्टीकडे बघून म्हणाले, "लीचिंग चालू आहे."

मग एक्स-रे. पहिल्यात नडगीच्या आत पांढऱ्या मण्यांचा घोस, द्राक्षांसारखा. सहा आठवड्यांच्या एक्स-रेत घोस पुसट, कडा विरलेल्या, काही मणी नाहीतच. तीन महिन्यांनी काही नाही. आधी मी घाबरले, कारण पैसे मोजून आत घातलेली वस्तू दिसेना म्हटलं की आपल्या घरच्या माणसांना पहिली शंका चोरीची येते. रॉड, प्लेट, स्क्रू, हे कसं, दिसतं. बाबा खिडकीशी एक्स-रे धरून किती वेळ उभे होते, एका पायावर वजन टाकून.

हाड पूर्ण भरलं का? नाही. जाहिरातीत दाखवतात तसं नव्हे. खालचा भाग भरला, वर एक बोटाच्या पेराएवढी काळी जागा राहिली ती राहिलीच, नुसतं प्लास्टर विरघळलं तर असं बऱ्याचदा होतं, म्हणून तर लोक त्या जाळीवाल्या मिश्रणामागे आहेत. डॉक्टर म्हणाला, काका, वजन सोसतंय, पू नाही, त्या काळ्या जागेशी भांडू नका. बाबा भांडले नाहीत. मणी संपले, टाके सुटले, भोक मिटलं, २०१९ चा पावसाळा गेला, मग लॉकडाऊनमधला गेला, मग पुढचा. जिन्याखालचा खण आईने एका दिवाळीला रिकामा केला. आता त्यात गणपतीची मखमल, लायटिंगच्या माळा आणि माझ्या मुलाच्या पतंगाच्या फिरक्या. बाबा अजून जुलै-ऑगस्टमध्ये रात्री झोपण्याआधी पायजमा वर करून टॉर्च मारून बघतात, आम्ही बघितलं नाही असं दाखवतो.

ते जुने दोन मणी डॉक्टरने धुऊन, उकळून दिले होते, बाबांनी मागितले म्हणून. ते एका पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत आहेत, बाबांच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी. बाटली बाबांच्याच काळातली, उन्हात धरली तरी स्वच्छ, कुठे धूर नाही. मणी पण बावीस वर्षं आत राहून जसेच्या तसे, गुळगुळीत, एकाला तारेचा तुकडा. माझ्या मुलाला त्या बाटलीचा आवाज आवडतो. गेला की पहिल्यांदा ती उचलून कानाशी हलवतो, खुळ खुळ, आणि विचारतो, आजोबा, ते दुसरे कुठेत, जास्तवाले?

"ते संपले," बाबा सांगतात, आणि पाय पुढे करतात.